हातभट्टी आणि द्वारकेची दवंडी

(ब्राह्मणपारा, रायपूर येथील गुरुवारच्या सत्संगात झालेल्या प्रवचनाचे शब्दांकन)



आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या चैत्रात तो याच ओसरीवर आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसला होता आणि मी त्याला उठवून लावले. त्याची रुखरुख वर्षभर मनात आहे. म्हणून आज मौसलपर्व उघडण्याआधी ती हकिगत सांगतो. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी इथे होते. माझे काही चुकले तर मला थांबवा.

रामनवमीच्या अन्नदानाची वर्गणी चालू होती. चपला काढतो त्या जागेशी एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. आपल्यातली नव्हती, तलावापलीकडच्या वस्तीतली होती. मराठी तिला फारसे कळत नसावे, पण नामस्मरणाला ती डोळे मिटून बसायची. तीन-चार गुरुवार मी तिला पाहिले होते. त्या दिवशी आरती झाल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि पाचशेच्या दोन नोटा ताटात ठेवल्या. आपल्यातले एक वडीलधारे गृहस्थ लगेच माझ्या कानाशी लागले, "महाराज, हे पैसे घेऊ नका. ही कच्ची काढते."

रायपुरात कच्ची म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, आपण जिला हातभट्टीची म्हणतो तीच. मी त्या नोटा उचलल्या, बाईच्या हातात परत दिल्या आणि म्हणालो, "बाई, अन्नदानाला कष्टाचे पैसे लागतात." फार मोठे वाक्य बोलून गेलो असे मला तेव्हा वाटले होते. ती काही बोलली नाही. नोटा पुन्हा गाठीत बांधल्या आणि गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर कदाचित मी विसरलोही असतो. पण तीन दिवसांनी याच शहरात एका श्रीमंत घरी मला भोजनाला बोलावले होते. घर सुसंस्कृत. देवघर पाहण्यासारखे. आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ओळीने बाटल्या, परदेशी, सोनेरी लेबलांच्या, आतून दिवा लावून सजवलेल्या. यजमानांनी अन्नदानासाठी अकरा हजारांचे पाकीट दिले. मी ते घेतले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मुलांना आशीर्वाद दिला आणि बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर त्या दोन नोटा डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मनात आले, विकणारीचे हजार रुपये अपवित्र आणि पिणाऱ्याचे अकरा हजार पवित्र, हा हिशेब मी कोणत्या शास्त्रातून काढला?

त्या रात्री मी मौसलपर्व काढून बसलो.

महाभारताच्या अठरा पर्वांतले हे सोळावे. फार लहान आहे, आणि आपल्याकडे घरात कोणी वाचत नाही, कारण त्यात यादवकुळाचा नाश आहे. कथा तुम्हाला ठाऊक आहे. सांबाला स्त्रीवेष देऊन यादवांच्या पोरांनी ऋषींची थट्टा केली, ऋषींनी शाप दिला, सांबाच्या पोटी लोखंडी मुसळ आले, राजाने ते कुटून त्याचे चूर्ण समुद्रात टाकायला लावले. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण त्याच्या लगेच पुढचे तीन श्लोक कीर्तनात सहसा येत नाहीत. मुसळाचे चूर्ण समुद्रात टाकल्याबरोबर द्वारकेत दवंडी पिटली गेली. कशाची? दारूची. आजपासून वृष्णी आणि अंधकांच्या कोणत्याही घरात, कोणाही नगरवासीयाने मद्य तयार करायचे नाही. जो कोणी लपून तयार करील त्याला त्याच्या नातलगांसकट जिवंत सुळावर चढवले जाईल.

बघा, दवंडीत काय म्हटले आहे. पिऊ नका, असे त्यात म्हटलेले नाही. घरात काढू नका, असे म्हटले आहे. म्हणजे ती हातभट्टीबंदी होती. आणि शिक्षा केवढी! आपल्या आजच्या कोणत्याही दारूबंदी कायद्यात ती नाही. मुंबईचा १९४९चा कायदा कडक म्हणतात, पण त्यात सूळ नाही, नातलगांना तर हात नाही.

आता ही दवंडी कोणाच्या नावाने पिटली होती ते ऐका. व्यासांनी चार नावे दिली आहेत. आहुक म्हणजे राजा उग्रसेन, जनार्दन, राम म्हणजे बलराम, आणि बभ्रू. व्यास पुढे म्हणतात, राजाच्या भीतीने सगळ्यांनी नियम पाळला. शब्द नीट लक्षात ठेवा, राजाच्या भीतीने.

मग अपशकुन सुरू झाले आणि सगळे यादव तीर्थयात्रेसाठी प्रभासक्षेत्री निघाले. बरोबर खाण्यापिण्याची भरपूर तयारी होती, आणि त्या तयारीत मद्यही होते. कोणी काढले, कोणाच्या घरात भट्टी लागली, व्यास सांगत नाहीत. पण दवंडीच्या नगरातून ते गाड्या भरून बाहेर पडले. प्रभासला ब्राह्मणांसाठी शिजवलेल्या अन्नात त्यांनी मद्य मिसळले आणि ते वानरांना घातले. मग पिणे सुरू झाले, कृष्णाच्या समोर. कोण कोण प्याले त्याचीही यादी व्यासांनी दिली आहे, बलराम, कृतवर्मा, सात्यकी, गद, आणि बभ्रू.

दवंडीतली दोन नावे पिणाऱ्यांच्या यादीत आहेत, सज्जनहो. बलराम आपले आराध्य आहेत. त्यांना नाव ठेवण्याची माझी योग्यता नाही, आणि तो या प्रवचनाचा हेतूही नाही. पण व्यासांना हे लपवता आले असते. ती दोन नावे गाळली असती तर कथा कुठे अडत नव्हती. त्यांनी ती ठेवली. तिसऱ्या अध्यायात गीता जे सांगते, की श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे बाकीचे वागतात, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. नशेत सात्यकीने कृतवर्म्याला हसून विचारले, झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय? कृतवर्म्याने भूरिश्रव्याची आठवण काढली, हात तुटलेल्या आणि प्रायोपवेशनाला बसलेल्या माणसाचे डोके तू उडवलेस. अठरा दिवसांच्या युद्धानंतर छत्तीस वर्षे गिळून ठेवलेले सगळे एका बैठकीत बाहेर आले. सात्यकीने कृतवर्म्याचे मुंडके उडवले. भोज आणि अंधक सात्यकीवर धावून गेले, आणि त्यांच्या हातात काय होते? उष्टी भांडी. ज्या भांड्यांतून प्याले होते, त्याच भांड्यांनी त्यांनी सात्यकीला मारायला सुरुवात केली. लव्हाळ्याचे मुसळ नंतर झाले. पहिले हत्यार पेल्याचेच होते.

या कथेवरून दारूबंदी करून काही होत नाही, असा अर्थ कोणी काढील. मला तो अर्थ मान्य नाही. महात्मा गांधी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ साली ती आली, ती आदिवासींच्या आणि बायकांच्या मोठ्या चळवळीतून. त्या बंदीने किती घरे वाचली, हे त्या घरातल्या बायकांना विचारा, दुकानदाराला नको. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. बंदी असताना तिथे चोरटी दारू होती हे खरे, आणि उठल्यावर उजळ माथ्याची आली हेही खरे. आपल्या छत्तीसगडात तर २०१७ पासून सरकारी महामंडळच दुकाने चालवते. त्यावर मी अधिक बोलत नाही. माझे काम निवडणुकीचे नाही.

महाराष्ट्रात एक चांगला नियम आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचे दुकान बंद होते. उभी बाटली की आडवी, एवढाच प्रश्न. पण हा नियम परवान्याच्या दुकानाला लागू होतो. हातभट्टीला परवानाही नसतो आणि मतपत्रिकाही नसते. तिला आडवे कोण करणार? पोलिस येतात, मडकी फोडतात, सडवा ओततात, नाल्याला दोन दिवस वास येतो, आणि तिसऱ्या दिवशी नवी मडकी येतात. कारण गिऱ्हाईक तेच असते, कर्ज तेच असते आणि संध्याकाळही तीच असते.

तर मी त्या बाईच्या घरी गेलो. लगेच नाही. दोन महिने लाज वाटत होती, मग गेलो. पावसाळा तोंडावर होता. एक खोली, मागे पत्र्याचा आडोसा. तिने बसायला पाट दिला आणि पाणी देऊ का, असे विचारताना थांबली. मी मागून घेतले. ती सांगत होती ते छत्तीसगढीत, माझे उत्तर हिंदीत, असा आमचा संवाद. नवरा पीत होता, आणि शेवटी पिवळा पडून गेला. त्याने ज्या बाईकडे उधारी केली होती तिचेच कर्ज फेडायला ही भट्टीवर बसली. आधी लाकडे आणून देणे, मग मडके, मग स्वतःची भट्टी. म्हणाली, मी भेसळ करत नाही, महुआ आणि पाणी, दुसरे काही नाही. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मोर पइसा ला त लहुटा देव महराज, पियइया मन के पइसा ला कोन लहुटाही?" माझे पैसे तर परत केलेत, पिणाऱ्यांचे पैसे कोण परत करणार?

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही.

इथे तुमच्यापैकी कोणाच्या मनात आले असेल, महाराज आता दारू विकणारीची बाजू घेणार. तसे नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थ उपासकांसाठी पाच व्यापार निषिद्ध सांगितले आहेत. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मद्य आणि विष शेजारी शेजारी आहेत, आणि ती शेजारीण भिंत ओलांडून कधी आत येते ते आपण पाहिले आहे. २००४ च्या अखेरीस विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत तेच झाले. मालवणीच्या लक्ष्मीनगरात एका रात्रीपासून माणसे कोसळू लागली आणि मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला. हातावर पोट असलेली माणसे. त्या दारूत मेथेनॉल होते, कारखान्यात लागणारे रसायन. वासाने, चवीने ते साध्या मद्यार्कापासून वेगळे ओळखू येत नाही. पोटात गेल्यावर शरीरच त्याचे फॉर्मिक आम्ल करते आणि ते डोळ्यांच्या नसेवर पहिला घाव घालते. माणूस सकाळी उठून विचारतो, दिवा का लावला नाही? आणि बाहेर ऊन पडलेले असते. तो खटला नऊ वर्षे चालला. २०२४ मध्ये चौघे दोषी ठरले.

म्हणून मी त्या बाईला म्हणालो, तू भेसळ करत नाहीस हे चांगले, पण तुझ्याकडून पिऊन गेलेला घरी जाऊन बायकोचे डोके फोडतो, त्याला भेसळ लागत नाही. तुझ्या घरात जे झाले तेच तू दुसऱ्या घरात मापाने पोचवतेस. हे बोलताना मला बरे वाटले नाही. पण न बोलता उठलो असतो तर तिचा आणखी अपमान झाला असता. तिने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, मला हे माहीत आहे, रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच. आणि ते हजार रुपये तिने का आणले होते, तेही मला तेव्हा कळले.

मोहाच्या झाडाला मात्र दोष देऊ नका. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याची फुले टपटपतात, अंधारात बायका-पोरे टोपल्या घेऊन वेचायला जातात, आणि जंगलातल्या घरात ती फुले म्हणजे धान्य असते, औषध असते, देवाचा नैवेद्य असतो. आदिवासी आधी भूमीला आणि पितरांना थेंब वाहतो आणि मग घेतो. कायद्यानेही त्याला घरच्या वापरासाठी पाच लिटरपर्यंतची सवलत दिली आहे. त्याच्या देवघरात डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही. विधीतल्या थेंबाचे पाउच होऊन तो नाक्यावर येतो आणि मजुराची रोजी गिळतो, तिथे आपला प्रश्न सुरू होतो. आणि हेही इथल्या माणसांना शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. याच मातीत गिरौदपुरीला १७५६ साली जन्मलेल्या गुरू घासीदासांनी आपल्या अनुयायांना दारू सोडायला सांगितले, ते आपल्यापैकी कोणी इथे सत्संग सुरू करण्याच्या कितीतरी आधी.

दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणी इथून फार दूर नाहीत. १९७७ साली शंकर गुहा नियोगींनी तिथे खाणमजुरांची संघटना बांधली. मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. तेव्हा त्याच संघटनेने दारूविरोधी मोहीम उघडली आणि ती मजुरांच्या बायकांनी पुढे नेली. नियोगी आपल्या पंथाचे नव्हते, देवाचे नाव घेणारेही नव्हते. १९९१ साली भिलाईत त्यांची हत्या झाली. मी त्यांचे नाव घेतो ते एवढ्यासाठी की त्यांनी मजुराला आधी आपला म्हटले आणि मग दारू सोड म्हटले. आपण बरेचदा उलट क्रम लावतो. तू आधी सोड, मग बघू आपला म्हणायचे की नाही.

आपण मराठी लोक नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात आहोत. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला, त्यांच्यामागून कारकून आले, पुरोहित आले, पुढे रेल्वे आणि कचेऱ्या आल्या. या पाऱ्यात आपली गणेशोत्सवाची आणि हळदीकुंकवाची परंपरा आहे, आणि ती आपण जपली. पण ज्यांच्या गावात राहिलो त्यांच्या घरात किती गेलो? ती बाई ज्या वस्तीत राहते तिथून आपल्या घरी धुण्याभांड्याला बायका येतात. त्यांचे नवरे काय पितात, कुठून पितात, हे आपल्याला ठाऊक असते, कारण पगाराची उचल त्या आपल्याकडेच मागतात. आपण उचल देतो, वर दोन उपदेशाचे शब्द देतो, आणि संध्याकाळी आपल्या मुलाच्या साखरपुड्याला गच्चीवर वेगळी सोय करतो. ती सोय बिनपरवान्याची नसते एवढेच.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची एक रीत होती. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायचे नाहीत. तसा मी आज विचारतो. या ओसरीवरच्या किती घरांत पुढच्या लग्नात गच्चीवरची सोय होणार नाही? हात वर करू नका, मला मोजायचे नाही. घरी जाऊन नवऱ्याशी, मुलाशी, व्याह्यांशी बोला. व्याही रागावतील. रागावू द्या. प्रभासला सात्यकीला थांबवणारा एकही व्याही निघाला नाही.

आता त्या बाईबद्दल. तिला पैसे देऊन भट्टी बंद होणार नाही, हे तिनेच मला सांगितले. पैसे संपतात आणि भट्टीच्या मालकाचे देणे उरते. जशपूरच्या बचतगटातल्या बायकांनी २०२० साली, महामारीत, याच मोहाच्या फुलांपासून हात निर्जंतुक करायचे द्रव्य काढले. तेच फूल, तीच वाफ, पण उपयोग दुसरा. मोहाचे लाडूही त्या भागात होतात, आणि चांगले होतात. मी खाल्ले आहेत, गुळाचे प्रमाण मात्र थोडे जास्त असते. आपल्यातल्या दोघी जणी पापड-कुरडयांचा व्यवसाय करतात, त्यांना मी विचारले आहे. दिवाळीच्या फराळापासून तिला आणि तिच्या शेजारच्या दोघींना कामावर घ्यायला त्या तयार आहेत. एक अडचण आहे, ती मोकळेपणाने सांगतो. ज्यांच्या घरी फराळ जाणार ते विचारतील, कोणाच्या हातचा आहे? तेव्हा खरे सांगायचे की लपवायचे, हे त्या दोघींवर सोडू नका. त्या प्रश्नाला या ओसरीने उत्तर द्यायचे आहे, आणि गिऱ्हाईक तुटले तर ते नुकसान या ओसरीने सोसायचे आहे.

भट्टी तिने अजून बंद केलेली नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा आडोशामागून धूर येत होता. तिने पाहिले की मी पाहिले. आम्ही दोघेही त्यावर बोललो नाही. चहा घेतला. निघताना तिने विचारले, गुरुवारी मी आले तर चालेल का? मी म्हणालो, तू नको येऊ, या खेपेला आम्ही येतो.

तेव्हा पुढच्या गुरुवारचा सत्संग इथे नाही. तिच्या वस्तीत, पिंपळाच्या पारावर, संध्याकाळी सहा वाजता आहे. गिऱ्हाइकांची वेळ तीच असते, म्हणून मुद्दाम सहा. कोणी पिऊन येऊन बसले तर त्याला उठवायचे नाही. प्रवचन हिंदीत होईल, भजने छत्तीसगढीत. पेटी आणि टाळ मी घेऊन येतो. सतरंज्या चार लागतील. दोन आपल्या आहेत, उरलेल्या दोन कोण देणार ते जाण्याआधी सांगा, आणि चपलांपाशी कोणी बसणार नाही एवढी जागा होईल अशा मोठ्या आणा.